बेसिकच्या ओळीतील मोकळी जागा कोणासाठी?

ओळक्रमांक_दहा

नमस्कार. गेल्या आठवड्यात माळा आवरताना १९८७ साली मीच बेसिक या संगणकभाषेत लिहिलेला एक प्रोग्राम सापडला. दोन्ही कडांना भोके असलेल्या सलग कागदावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने तो छापलेला आहे. मामांनी परदेशातून आणलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर मी तो लिहिला होता आणि कर्जाच्या हप्त्यांचे कोष्टक काढणे एवढेच त्याचे काम होते. कागद पिवळा पडला असला तरी अक्षर शाबूत आहे, म्हणून भाच्याने तो इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, टंकायला घेतला. भाचा नोकरीत पायथन या आजच्या संगणकभाषेत लिहितो. पहिले पान पाहूनच त्याने विचारले, "मामा, हे तुम्ही माणसांनी वाचण्यासाठी लिहिले होते का?"

प्रश्न रास्त होता. पानभर कुठेही मोकळी जागा नाही, सगळे कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) आणि व्हेरिएबल (किंमत साठवायची नावे) एकमेकांना चिकटलेले. (या धाग्यात आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितो, मूळ प्रोग्रामात त्या रोमन मोठ्या अक्षरांत आहेत.) एकाच ओळीत मात्र एक मोकळी जागा होती :

४० इफए=एफ ऑरबी=१देन९०

म्हणजे ए आणि एफ सारखे असतील किंवा बी १ असेल तर ९० व्या ओळीवर जा. येथे ए हा चालू हप्ता, एफ हा शेवटचा हप्ता आणि बी म्हणजे कर्ज आधीच फिटल्याची खूण. भाच्याला वाटले की इतक्या पानांत एकाच ठिकाणी पडलेली जागा ही टंकताना झालेली चूक असणार, म्हणून त्याने ती मिटवली. प्रोग्राम चालवताच 'सिंटॅक्स एरर इन ४०' असे उत्तर आले. मीही तासभर त्या ओळीकडे पाहत राहिलो आणि मला काही सापडले नाही. जागा परत घातली आणि ओळ चालली.

त्यानंतर मी प्रोग्राम वाचनीय करायचे ठरवले. बेरजेच्या टीएल या व्हेरिएबलला सरळ 'टोटल' असे नाव दिले, आणि पुन्हा तीच चूक समोर आली.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की आपण बेसिकला वाचायला अवघड भाषा म्हणून कित्येक वर्षे नावे ठेवत आलो. परंतु कोणत्या यंत्रावर मोकळ्या जागेचा कोणता नियम होता आणि त्या नियमाने लिहिणाऱ्याला काय करायला भाग पाडले, हे फारसे कोणी नीट मांडलेले दिसत नाही. ज्यांनी त्या काळात काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


झिरो_पेज

आपल्या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. कमोडोरवरील बेसिक हे मायक्रोसॉफ्टचे होते आणि ते ओळ दोन टप्प्यांत हाताळत असे. आपण ओळ लिहून रिटर्न दाबला की पहिल्या टप्प्यात प्रत्येक कीवर्डच्या जागी एका बाइटचे टोकन ठेवले जाते. हे काम डावीकडून उजवीकडे चालते, आणि जिथे कीवर्डची अक्षरे सलग जुळतील तिथे, मागेपुढे काय आहे याचा विचार न करता, टोकन बसते. एफ आणि ऑर यांच्यामधील जागा काढल्यावर एफ, ओ, आर ही तीन अक्षरे सलग आली, त्यांचे 'फॉर' झाले, आणि इफच्या अटीमध्येच लूप सुरू करण्याची आज्ञा शिरली. 'टोटल'मध्येही तसेच झाले. त्याची पहिली दोन अक्षरे टी आणि ओ, म्हणजे 'टू' हा कीवर्ड. उरलेली टी, ए, एल ही अक्षरे अनाथ राहिली. 'स्कोअर' या नावाच्या पोटात 'ऑर' आहे, 'बजेट'मध्ये 'गेट' आहे, 'कॉस्ट'मध्ये 'कॉस' आहे. ही सगळी नावे त्या यंत्रावर चालत नसत.

आता दुसरा टप्पा. प्रोग्राम चालताना पुढचे अक्षर आणून देणारा एक छोटा उपप्रोग्राम होता. तो मेमरीच्या अगदी सुरुवातीच्या, झिरो पेज म्हटल्या जाणाऱ्या भागात राहत असे, आणि मोकळी जागा दिसली की ती ओलांडून पुढे जात असे. म्हणून चालवताना जागेला काहीच अर्थ नसे. १०० ही संख्या अंकांमध्ये जागा सोडून '१ ० ०' अशी लिहिली तरी शंभरच वाचली जाई. म्हणजे एकाच यंत्रात दोन नियम नांदत होते : टोकन करताना जागा अर्थ बदलू शके, आणि चालवताना ती अस्तित्वातच नसे. कीवर्डच्या मध्ये मात्र जागा चालत नसे. 'गो टू' असे तोडून लिहिण्याची सवय लोकांना होती म्हणून 'गो' या शब्दासाठी वेगळे टोकन ठेवलेले होते, पण 'गो सब' तोडून लिहिले तर ती चूकच.

मग सगळ्यांनी जागा का गाळल्या, हे हिशेबाने दाखवतो. '१० फॉर आय=१ टू १००' ही ओळ घ्या. प्रत्येक ओळीला पुढच्या ओळीचा पत्ता २ बाइट, ओळक्रमांक २ बाइट आणि शेवटचा शून्य १ बाइट असा ५ बाइटचा ठरलेला खर्च आहे. फॉर, बरोबरचे चिन्ह आणि टू यांना प्रत्येकी १, आय ला १, संख्यांना त्यांच्या अंकांइतके म्हणजे १ आणि ३, असे ८ झाले. त्यात फॉरच्या नंतरची, टूच्या आधीची आणि टूच्या नंतरची अशा तीन जागा धरल्या तर ११. एकूण १६ बाइट; जागा गाळल्या तर १३. यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर ३८९११ बाइट मोकळे असल्याचे दिसे. तो आकडा पाहून आपल्याला वाटे की भरपूर आहे. पण प्रोग्राम, व्हेरिएबल आणि त्यांतला सगळा मजकूर त्याच जागेत राहायचा, आणि प्रत्येक मोकळी जागा लूपच्या प्रत्येक फेरीत ओलांडावी लागे, तेव्हा वेळही जात असे.

आणखी एक अडचण होती. पडद्यावर ४० अक्षरांची रांग, आणि बेसिकची एक ओळ अशा दोन रांगांत, म्हणजे ८० अक्षरांत, बसवावी लागे. जागा सोडत गेलात की ती मर्यादा लगेच गाठली जाई. संक्षिप्त कीवर्ड वापरून टंकलेली ओळ लिस्ट केल्यावर, म्हणजे पडद्यावर पूर्ण दाखवल्यावर, ८० च्या पुढे गेली, तर ती पडद्यावर दुरुस्त करणेच अशक्य होऊन बसे.


हॅनोव्हरचा_वाचक

झिरो_पेज यांनी यंत्राची बाजू चांगली मांडली आहे. मी भाषेच्या जन्माकडे लक्ष वेधू इच्छितो, कारण मोकळ्या जागेची मूळ भूमिका तेथे अगदी वेगळी होती.

अमेरिकेतील डार्टमाउथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी घडवलेल्या बेसिकचा पहिला प्रोग्राम १ मे १९६४ रोजी पहाटे ४ वाजता चालला. गणित किंवा विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक हाताळता यावा, हा त्यांचा हेतू होता. त्या पहिल्या भाषेत अवतरणचिन्हांतील मजकूर सोडला तर मोकळी जागा पूर्णपणे दुर्लक्षिली जात असे. जागा सोडा, सोडू नका, शब्दाच्या मध्ये सोडा, चूक होत नसे. मिनिटभर टंकून झाल्यावर एका जागेमुळे यंत्राने नवख्या मुलाला मागे पाठवू नये, यात मला फार मोठी माणुसकी दिसते.

असे करूनही गोंधळ का होत नसे, हे समजून घेण्यासारखे आहे. व्हेरिएबलचे नाव एका अक्षराचे, किंवा एक अक्षर आणि त्यापुढे एक अंक असेच असू शके. म्हणजे २६ आणि २६०, एकूण २८६ नावे. अशा नावाच्या पोटात कीवर्ड लपू शकत नाही. शिवाय प्रत्येक ओळ ओळक्रमांकानंतर एखाद्या कीवर्डनेच सुरू व्हायची. किंमत ठेवायची असली तरी 'लेट' लिहिणे सक्तीचे होते. फोरट्रान या आधीच्या संगणकभाषेतही जागा दुर्लक्षिली जात असे; पण तिथे अशी सक्ती नव्हती, म्हणून 'डू १० आय = १,१०' या लूपच्या ओळीत स्वल्पविरामाऐवजी बिंदू पडला की 'डू१०आय' नावाच्या नव्याच व्हेरिएबलमध्ये १.१० ठेवले जाई आणि यंत्र तक्रारही करत नसे. बेसिकमध्ये 'लेट'च्या सक्तीमुळे ही वाट बंद होती.

बिघाड पुढे झाला. १९७५ साली बिल गेट्स, पॉल ॲलन आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी अल्टेअर या छोट्या संगणकासाठी बेसिक लिहिले ते ४ किलोबाइटच्या मेमरीत बसवण्यासाठी. त्या वाटेने आलेल्या भाषांमध्ये 'लेट' ऐच्छिक झाले आणि नावे लांब लिहिता येऊ लागली, पण जागेविषयीची मूळची सैल वृत्ती तशीच राहिली. सैल नियमाला आधार देणाऱ्या दोन अटी निघून गेल्या आणि नियम मात्र उरला. आपला 'टोटल' तेथे अडकला.

१९७८ च्या मिनिमल बेसिकच्या प्रमाणात ही चूक दुरुस्त केलेली दिसते. त्यात कीवर्डच्या आधी, आणि ओळीचा शेवट नसेल तर नंतरही, किमान एक मोकळी जागा बंधनकारक आहे, आणि कीवर्ड किंवा संख्या यांच्या मध्ये जागा सोडण्यास मनाई आहे. पण तोपर्यंत घरोघरी जाणारी यंत्रे आपापले बेसिक रॉममध्ये, म्हणजे न बदलता येणाऱ्या मेमरीत, घेऊन बाहेर पडू लागली होती.


मोडीचा_विद्यार्थी

मी संगणकातला नाही, परंतु हा धागा वाचताना राहवले नाही. मोडीत लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग शब्द न तोडता, विरामचिन्हे न देता अक्षरे लिहीत जाई. वेग आणि कागद दोन्ही वाचत. ते दप्तर आज वाचताना निम्मे कष्ट पदच्छेदातच जातात. 'तीनकोबाई' अशी अक्षरे आली की डोळा आधी 'तीन' पकडतो. संदर्भ पाहिल्यावर कळते की 'ती नको बाई' असे म्हटलेले आहे. झिरो_पेज यांनी सांगितलेल्या यंत्राने एफ आणि ऑरचे 'फॉर' केले ते नेमके असेच. फरक इतकाच की माणूस मागे फिरून पुन्हा तोडून पाहतो आणि ते यंत्र मागे फिरत नव्हते.

वेदपाठाच्या परंपरेत संहितापाठ आणि पदपाठ दोन्ही सांभाळले जातात. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. जोडलेला पाठ जसाच्या तसा जपायचा, आणि समजण्यासाठी तोडलेला पाठ वेगळा ठेवायचा. असे काही बेसिकमध्ये होते का?


शाळेतली_प्रयोगशाळा

होते, आणि ते मी स्वतः वापरले आहे. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, त्यातून आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची.

ते बनवणाऱ्या ॲकॉर्न कंपनीसाठी सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या बीबीसी बेसिकमध्ये 'लिस्टओ' नावाची आज्ञा होती. तिच्यापुढे १ लिहिले की लिस्ट करताना ओळक्रमांकानंतर एक जागा सुटे. २ लिहिले की फॉर आणि नेक्स्टमधील ओळी आत सरकत. ४ लिहिले की रिपीट आणि अनटिलमधील ओळी आत सरकत. तिन्ही हवे असतील तर बेरीज करून ७. मेमरीत एकही जास्तीचा बाइट जात नसे, कारण जागा प्रोग्रामात नव्हतीच. ती फक्त दाखवताना घातली जाई. मोडीच्या अभ्यासकांनी विचारलेला पदपाठ तो हाच. मुलांना लूप शिकवताना मी 'लिस्टओ ७' देऊन आधी लिस्ट दाखवीत असे. आतली ओळ आत गेलेली दिसली की फॉर कुठे संपतो हे वेगळे सांगावे लागत नसे.

यात मला एकदा चांगलीच अडचण आली, ती येथे नोंदवते. बीबीसीवर ओळ दुरुस्त करायची म्हणजे बाणाच्या कळांनी त्या ओळीवर जायचे आणि कॉपीची कळ दाबत ती अक्षरे पुन्हा उचलायची. 'लिस्टओ ७' चालू असताना मुलांनी तसे केले की पडद्यावरच्या दाखवण्यापुरत्या जागाही खऱ्या अक्षरांसारख्या उचलल्या जात आणि प्रोग्रामात कायमच्या बसत. पुढच्या लिस्टमध्ये ती ओळ आणखी आत दिसे, पुन्हा दुरुस्ती केली की आणखी. एका गटाचा बागेचे चित्र काढणारा प्रोग्राम होता. चित्राचा मोड २० किलोबाइट खात असे आणि यंत्राची सगळी मेमरी ३२ किलोबाइट. आठवडाभर दुरुस्त्या झाल्यावर तो चालताना 'नो रूम' म्हणून थांबू लागला. मुलांनी चित्राचा एक भाग गाळायची तयारी केली होती. मी लिस्ट काढून पाहिली तेव्हा आतली ओळ पडद्याच्या मध्यापर्यंत सरकलेली होती. त्यानंतर आम्ही फळ्यावर कायमचे लिहून ठेवले : दुरुस्तीआधी 'लिस्टओ ०'.

नावांच्या बाबतीतही ते बेसिक सुज्ञ होते. कीवर्ड मोठ्या अक्षरांत, आणि लहान अक्षरांत लिहिलेले 'टोटल' हे निर्धोक नाव. मोठ्या अक्षरांत मात्र 'टोटल' तिथेही अडे, कारण नावाची सुरुवातच कीवर्डने होते. 'स्कोअर' अडत नसे. उलट बाजूला, व्हेरिएबलच्या लगेच पुढे कीवर्ड चिकटवला तर यंत्र तो नावाचाच भाग समजे, म्हणून तिथे जागा सोडावीच लागे.


बाइटमोजणी

सर्वांचे लिखाण आवडले, तरी एका गोष्टीला माझी हरकत आहे. चर्चा अशी चालली आहे की जणू मोकळी जागा मिळाली असती तर बेसिक वाचनीय झाले असते. मी ते मानत नाही.

मी स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर शिकलो. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनी परवान्याने स्पेक्ट्रम प्लस विकत होती, त्यातला एक घरी होता. त्यावर कीवर्ड टंकावाच लागत नसे. एका कळीला अख्खा कीवर्ड येई आणि त्याच्या आजूबाजूची जागा यंत्रच दाखवी, मेमरीत ती नसे. एवढेच नव्हे, संख्येच्या व्हेरिएबलला कितीही लांब नाव देता येई आणि त्या नावात मोकळी जागाही चाले. म्हणजे 'लेट शिल्लक कर्ज = ०' असे रोमनमध्ये लिहिण्याची सोय १९८२ सालीच होती. जागेची तक्रार करायला तिथे काही कारणच नव्हते.

तरीही आमचे प्रोग्राम कोणाला वाचता येत नसत. कारण स्पेक्ट्रम प्रत्येक संख्येचे अंक ठेवून वर तिचे ५ बाइटचे रूप आणि त्याआधी १ बाइटची खूण ठेवत असे. नुसते शून्य लिहिले तर ७ बाइट जात. म्हणून आम्ही शून्याऐवजी 'नॉट पाय' लिहीत असू (पाय शून्य नाही, म्हणून उत्तर शून्य), त्याचे २ बाइट. एकाऐवजी 'सायन पाय' (धन संख्येसाठी उत्तर एक), तेही २ बाइट. तेथील आज्ञेची अक्षरे एस, जी, एन. शंभर लिहिण्यासाठी अवतरणात १०० घालून त्याआधी 'व्हॅल', म्हणजे ९ ऐवजी ६ बाइट. आता 'फॉर आय = सायन पाय टू व्हॅल "१००"' ही ओळ कितीही ऐसपैस जागा सोडून लिहा, वाचणाऱ्याला पाय म्हणजे वर्तुळाचा पाय वाटणारच. जागेपेक्षा नावे आणि संख्या यांचे हाल अधिक झाले. ओळक्रमांक_दहा यांच्या प्रोग्रामातही ए, एफ आणि बी म्हणजे काय हे त्यांनी आपल्याला धाग्यात सांगितले म्हणून कळले. कागदावर ते कुठेच लिहिलेले नसावे.


ओळक्रमांक_दहा

बाइटमोजणी, आपले बरोबर आहे. कागदावर एकही रेम, म्हणजे वाचणाऱ्यासाठीच्या टिपणाची ओळ, नाही. तीन अक्षरांचा अर्थ मला आठवावा लागला, आणि बी विषयी तर दोन दिवस खात्री नव्हती.

तरीही मी जागेचा आग्रह सोडणार नाही. नाव कळले नाही तर वाचणारा थांबतो आणि शोधतो. जागा नसली तर तो चुकीचे वाचतो आणि त्याला ते कळतही नाही. भाच्याने तेच केले. त्या पानावरची एकमेव मोकळी जागा यंत्रासाठी होती, माणसासाठी नव्हती, आणि म्हणूनच माणसाला ती चूक वाटली. जर मी सगळीकडे सारख्या जागा सोडल्या असत्या तर ती एक जागा मिटवण्याचे त्याच्या मनातही आले नसते.


जुने_ॲपल

ॲपलवरील ॲपलसॉफ्ट बेसिकचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहितो. तिथे ओळ आत घेतानाच सगळ्या जागा काढून टाकल्या जात आणि लिस्ट करताना यंत्र स्वतःच्या पद्धतीने कीवर्डभोवती जागा घालून दाखवी. लिहिणाऱ्याने मनासारखी मांडणी केली तरी ती टिकत नसे. त्यातून एक गंमतीदार अडचण उद्भवली होती. त्या भाषेत 'ॲट' असा कीवर्ड आहे, ए आणि टी. 'फॉर आय = ए टू बी' या ओळीतली जागा काढल्यावर ए, टी, ओ सलग येतात आणि टू च्या आधी 'ॲट'च सापडतो. म्हणून त्यांनी खास तजवीज केली : 'ॲट' सापडले की पुढचे अक्षर पाहायचे, ते ओ असेल तर 'ए' आणि 'टू' असे तोडायचे, एन असेल तर तो 'एटीएन' हा गणिती फलनाचा कीवर्ड समजायचा. जागा फेकून दिल्यावर तिच्या जागी असे पहारेकरी नेमावे लागतात.


नवी_शिक्षिका

मी शाळेत जी.डब्ल्यू. बेसिक आणि नंतर क्यूबेसिक शिकले. आमच्या बाईंनी जागा सोडल्याच पाहिजेत असे सांगितले होते आणि ते आम्ही नियम म्हणूनच पाळले. तिथे 'टोटल' हे नाव आम्ही सर्रास वापरत होतो. मग हा त्रास आम्हाला का झाला नाही?


झिरो_पेज

कारण तोपर्यंत मायक्रोसॉफ्टने स्वतःचाच नियम बदलला होता. जी.डब्ल्यू. बेसिकमध्ये नावाची ४० अक्षरे लक्षात घेतली जात आणि नावाच्या पोटात कीवर्ड चालत असे. त्याची किंमत म्हणून कीवर्डभोवती जागा सोडणे सक्तीचे झाले. 'फॉरआय=१' असे चिकटवून लिहिले तर यंत्र 'फॉरआय' नावाचे व्हेरिएबल समजे आणि पुढचा टू दिसल्यावर चूक दाखवी. त्यामुळे कमोडोरवरचे प्रोग्राम पीसीवर नेताना लोकांना पहिले काम जागा घालण्याचेच करावे लागे. क्यूबेसिक १९९१ साली डॉस ५ बरोबर आले; त्याचा संपादक तर एंटर दाबताच बरोबरच्या आणि बेरजेच्या चिन्हांभोवती जागा घालून, कीवर्ड मोठ्या अक्षरांत करून ओळ नीट लावून देत असे. ताई, आपल्या बाईंचा नियम बरोबरच होता, पण तो पाळण्याचे निम्मे काम संपादक करत होता.


मॅक्रोवाला

हा विषय फक्त जुन्या यंत्रांचा नाही, हे सांगण्यासाठी लिहितो. मी रोज एक्सेलमध्ये व्हीबीए लिहितो, आणि ती याच घराण्यातली भाषा आहे. दोन मजकूर जोडण्यासाठी तिथे अँपरसँड वापरतात. 'नाव & गाव' असे जागा सोडून लिहिले तर जोडणी होते. तेच जागा न सोडता चिकटवले तर अँपरसँड हा नावाच्या शेवटी लागणारा प्रकारदर्शक समजला जातो, ज्याचा अर्थ 'हे व्हेरिएबल लाँग प्रकारचे आहे', आणि पुढचे 'गाव' निराधार राहून चूक येते. इतर सगळ्या चिन्हांभोवती संपादक स्वतः जागा घालतो, त्यामुळे नव्या मुलाला कळत नाही की येथेच काय बिघडले. लांब ओळ तोडतानाही शेवटच्या अधोरेषेच्या आधी एक जागा हवीच. ती नसेल तर अधोरेषा नावात मिसळते. माझ्या हाताखाली नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी या दोनच गोष्टी दाखवतो.


बाइटमोजणी

ओळक्रमांक_दहा, आपल्या ४० व्या ओळीसाठी एक सुचवतो. जागेवर विसंबून राहू नका. दोन्ही अटींना कंस घाला. एफच्या पुढे कंस आला की एफ आणि ऑर कधीच सलग येणार नाहीत, मग कोणी जागा गाळो वा न गाळो. खर्च ४ बाइट.


झिरो_पेज

याला माझी पूर्ण सहमती. आत सरकवण्यासाठीही एक युक्ती जोडतो. कमोडोर ओळक्रमांकानंतरच्या जागा गाळून टाकतो, पण तिथे आधी एक अपूर्णविराम (:) लिहिला तर तो रिकामी आज्ञा समजला जातो आणि त्यापुढच्या जागा जशाच्या तशा टिकतात. लूपच्या आतल्या ओळी तशा लिहा.


ओळक्रमांक_दहा

दोन्ही सूचना अमलात आणल्या. भाच्याने आणि मी मिळून शनिवारी रात्री बसून पूर्ण प्रोग्राम पुन्हा लिहिला. मधला भाग येथे देतो :

३० रेम ए=चालू हप्ता, एफ=शेवटचा हप्ता, बी=१ म्हणजे कर्ज फिटले
४० इफ (ए = एफ) ऑर (बी = १) देन ९०

१०० रेम पी=शिल्लक मुद्दल, आर=महिन्याचा दर, ई=हप्ता
११० फॉर आय = १ टू एन
१२० :   व्ही = पी * आर
१३० :   के = ई - व्ही
१४० :   पी = पी - के
१५० :   टीएल = टीएल + व्ही
१६० नेक्स्ट आय

टीएल हे नाव तसेच ठेवावे लागले, कारण त्या यंत्रावर नावाची पहिली दोनच अक्षरे मोजली जातात आणि 'टोटल' चालणार नाही; म्हणून वर आणखी एक रेम घालून 'टीएल=एकूण व्याज' असे लिहिले. मूळ प्रोग्रामपेक्षा हा बराच लांब झाला, आणि ३८९११ मधून एवढी जागा द्यायला १९८७ साली माझे मन धजले नसते.

भाच्याला कंसांवर विश्वास बसेना. त्याने नव्या प्रोग्रामाची एक प्रत घेतली, तिच्या ४० व्या ओळीतील सगळ्या जागा पुन्हा मिटवल्या आणि चालवून पाहिली. ६० हप्त्यांचे कोष्टक शेवटच्या ओळीपर्यंत पडद्यावर सरकत गेले.